लिफ्टमामा जिन्याने जातात

लिफ्टमामांनी आयुष्यात बराच प्रवास केला, पण तो सगळा उभ्या दिशेने, आणि तोही बसून. तळमजल्यावरून सहाव्यावर, सहाव्यावरून तळमजल्यावर. बसायला लाकडी स्टूल, हातात पितळी मूठ आणि समोर जाळीबाहेर सरकत जाणाऱ्या भिंती.

इमारत जुनी होती, कचेऱ्यांची. खाली कागदाचं दुकान, मधल्या मजल्यांवर विमावाले, हिशेबनीस आणि एक दातांचा डॉक्टर, सगळ्यांत वर एक वजनदार वकीलसाहेब. वजनदार म्हणजे वजनानेच. वकिली बेताची होती. लिफ्टला जाळीचे दोन दरवाजे होते, एक आतला आणि एक बाहेरचा. दोन्ही नीट बसल्याशिवाय ती जागची हलत नसे. ते नीट बसवायची युक्ती मामांखेरीज कुणाला जमत नव्हती, निदान मामांनी तसं सगळ्यांना पटवून ठेवलं होतं. म्हणून बटणं दाबायच्या जमान्यातही त्यांचं स्टूल टिकून होतं.

मामांना एचआयव्ही होता. तो कसा झाला, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं, मामींना. त्यानंतर घरात बरेच दिवस भांडी फार जोरात घासली जात. मग एका संध्याकाळी मामींनी नेहमीसारखं दोघांचं ताट वाढलं आणि विषय मिटला. मामींची तपासणी निर्धोक आली होती. मामा रोज गोळी घेत, त्यामुळे रक्तात विषाणू सापडत नव्हता आणि तो मामींना होण्याचंही भय उरलं नव्हतं. हे सगळं दवाखान्यात नीट समजावून सांगितलं गेलं होतं. पण इमारतीत त्यातलं अक्षरही कुणाला ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला मामांनी मरायची चांगली तयारी केली होती. कपाट आवरलं, मेहुण्याशी असलेलं भांडण मिटवलं, मामींना गॅसचा रेग्युलेटर बदलायला शिकवलं. आता जायचंच आहे तर सिगारेट कशाला सोडायची, असा हिशोब करून ती मात्र चालू ठेवली. पण गोळ्यांनी काम केलं आणि मामा काही गेले नाहीत. वर्षांमागून वर्षं गेली, मेहुण्याशी पुन्हा भांडण झालं, आणि मरणाच्या बोलीवर ओढलेल्या सिगारेटी तेवढ्या छातीत साठून राहिल्या.

दवाखान्यात यंदा नवीन डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "काका, तुमचा एचआयव्ही अगदी उत्तम आहे."

मामांनी संकोचाने मान खाली घातली. एखाद्याने आपल्या मुलाचं कौतुक करावं तसं त्यांना वाटलं.

"पण तुमचं हृदय मला आवडलं नाही. रक्तदाब वाढलाय, कोलेस्टेरॉल वाढलंय. दिवसभर बसून असता का?"

"छे हो! दिवसभर वर-खाली, वर-खाली. पाठ टेकायला वेळ मिळत नाही."

"किती मजले?"

"सहा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

डॉक्टरबाईंनी कौतुकाने काहीतरी लिहून घेतलं. मग पुन्हा रक्तदाबाच्या आकड्याकडे पाहिलं, मग मामांच्या पोटाकडे. "काम काय करता नक्की?"

"लिफ्ट चालवतो."

बाईंनी लिहिलेलं खोडलं.

मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. विषाणू गोळ्यांनी गप्प बसतो, पण शरीर आतून थोडं धुमसतच राहतं, आणि त्याचा त्रास रक्तवाहिन्यांना होतो. त्यामुळे हा आजार असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त. त्यात सिगारेट म्हणजे आगीत तेल. तेव्हा सिगारेट बंद, मीठ कमी, तळलेलं कमी, भाज्या-फळं जास्त, झोप पुरेशी आणि रोज शरीराला दम लागेल अशी हालचाल. कोलेस्टेरॉलची एक वेगळी गोळी. ती रोजच्या गोळीशी जमेल अशी बघूनच दिली आहे, आपल्या मनाने दुकानातून काही घ्यायचं नाही. आणि रोजची गोळी कधीही चुकवायची नाही.

"म्हणजे मी एचआयव्हीने मरणार नाही?" मामांनी विचारलं.

"त्याने नाही. पण असेच बसून राहिलात तर हृदयाने."

मामा रागावूनच बाहेर पडले. माणसाने एका मरणाची एवढी तयारी करावी आणि ऐन वेळी दुसरंच पुढे यावं, याला काही अर्थ आहे का, असं त्यांनी वाटभर सोबत आलेल्या मामींना ऐकवलं. घरी गेल्यावर मामींनी मिठाची बरणी ओट्यावरून उचलली आणि फळीवर मागच्या बाजूला ठेवून दिली.

पहिल्या दिवशी मामांनी एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. "अगं, याला चवच नाही."

"माहीत आहे. मीही तेच खातेय."

"तुला कशाला शिक्षा?"

"दोन भाज्या करत बसू का आता? आणि चव पाहिजे का नवरा पाहिजे, ते माझं मी ठरवलंय. गप जेवा."

मामा गप जेवले. हळूहळू जिभेलाही त्या चवीची सवय लागली, आणि शेजारणीने वाटीभर भाजी पाठवली तर ती खारट लागू लागली. मामांनी मात्र हे कधीच मामींपाशी कबूल केलं नाही.

सिगारेटीने जास्त पिडलं. गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली होती आणि तिथे मामा धूर काढत. आता त्यांनी खिशात लवंगा ठेवल्या. तलफ आली की लवंग. काही दिवस ते सगळ्यांवर विनाकारण खेकसले, दातांच्या डॉक्टरला तर चुकून दोन मजले वर सोडून आले. एकदा घसरलेही, संध्याकाळी मामींनी दारातच शर्टाचा वास घेतला आणि मामांना तो स्वतः धुवायला लावला. पुन्हा घसरले नाहीत.

राहिली हालचाल. घराजवळ चालायला जागा नव्हती असं नाही, पण संध्याकाळी मामांचा जीव कंटाळून जाई. जिना मात्र दिवसभर डोळ्यांसमोर होता. लिफ्टला वेढा घालूनच तो वर चढत गेला होता, आणि इतक्या वर्षांत मामांनी तो फक्त जाळीतून पाहिला होता. जेवणाच्या सुट्टीत ते लिफ्ट खाली उभी करत, दरवाजाला स्टूल टेकवून ठेवत आणि जिना चढू लागत. आधी दुसऱ्या मजल्यापर्यंतच जायचं, धाप लागली की थांबायचं, छातीत दुखलं तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, असं बाईंनी बजावलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच त्यांच्या तोंडाला फेस आला. पण हळूहळू तिसरा मजला हाती लागला, मग चौथा.

चौथ्यावर घोटाळा झाला.

तिथे टायपिस्ट बाई होत्या. टाइपरायटर केव्हाच भंगारात गेला होता, बाईंसमोर संगणक आला होता, पण नाव तेच राहिलं. मनाने बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्या पोटात काही राहत नसे. इमारतीतल्या कुणाच्या घरी काय शिजतंय ते झाकण काढायच्या आत बाईंना कळत असे, आणि झाकण काढेपर्यंत बाकीच्यांना. त्या हात धुवायला बाहेर आल्या आणि मामांना जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिलेले पाहून जागीच थबकल्या.

"मामा? तुम्ही आणि जिन्याने?"

मामा दचकले. दचकल्यावर माणूस जे बोलतो तेच ते बोलले. "सहज."

दुसरं काहीही बोलले असते तरी निभावलं असतं. पण त्या इमारतीत आजवर कुणी सहज जिना चढलं नव्हतं. आणि ज्याच्या हातात अख्खी लिफ्ट आहे तो माणूस घामाघूम होऊन, ओठ निळे पडेपर्यंत जिना चढतो आणि विचारलं तर नजर चुकवून "सहज" म्हणतो, याचा अर्थ शहाण्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. संध्याकाळपर्यंत सहाही मजल्यांना कळलं की लिफ्टचा दोर झिजलाय. लिफ्टमामांना ते ठाऊक आहे, पण बिचाऱ्यांना बोलायची चोरी आहे.

दुसऱ्या दिवशी विमावाले जिन्याने गेले. त्यांच्या मागून हिशेबनीस. वकीलसाहेबांनी दोन दिवस धीर धरला, कारण सहावा मजला त्यांचा होता. पण लिफ्टमध्ये एकट्याने चढताना आपलंच वजन त्यांच्या मनात येऊ लागलं आणि तेही जिन्याला लागले. प्रत्येक मजल्यावर ते एखाद्या अशिलाला कायद्याचा मुद्दा समजावून सांगायला थांबत. अशील बरोबर नसला तरी थांबत.

मामा स्टुलावर बसून राहिले. वर बोलावणारी घंटा वाजेना. जाळीतून त्यांना जिन्याने जाणारे पाय दिसत, त्यांची धाप ऐकू येई, आणि मामांकडे बघून लोक सहानुभूतीने मान हलवत, जशी तुरुंगातल्या माणसाकडे बघून हलवतात.

इमारतीच्या मॅनेजरने मिस्त्री बोलावला. मिस्त्रीने दोर तपासला, यंत्र तपासलं आणि सगळं ठणठणीत असल्याची चिठ्ठी दारावर चिकटवली. लोक म्हणाले, काही नव्हतंच तर मिस्त्री कशाला बोलावला? मॅनेजर स्वतः लिफ्टमधून वर-खाली करून दाखवू लागला. लोक म्हणाले, पोटासाठी माणसाला काय काय करावं लागतं. शेवटी त्याने मामांना आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"मामा, जिना बंद करा."

मामांनी बंद केला. हालचाल संध्याकाळी घराजवळच्या रस्त्यावर सुरू केली, कंटाळा आला तरी. लोक म्हणाले, बघा, बिचाऱ्याला दम भरला. म्हणजे दोर नक्की झिजलाय.

"आता मालक विचारतायत," मॅनेजर पुढच्या खेपेला म्हणाला. "लिफ्टमध्ये कुणी बसतच नसेल तर तिला कुलूप लावू, आणि मग लिफ्टवाल्याला ठेवून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं आहे. महिनाअखेरपर्यंत बघतील. तुम्ही चढत का होता, ते तरी लोकांना सांगून टाका एकदा."

मामांनी धीर करून अर्धं सांगितलं. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. हृदयासाठी."

मॅनेजरला हायसं वाटलं. त्याने ते तत्परतेने सगळ्या मजल्यांवर पोचवलं. तासाभरात तेच परत खाली आलं: लिफ्टच्या धसक्याने मामांचं हृदय गेलं. हिशेबनीसांनी तर मामांना खाली येऊन सल्ला दिला की भरपाई मागा.

अर्ध्या सत्याचं हे असं झालं. उरलेलं अर्धं मामांच्या घशाशी येत होतं आणि तिथेच अडत होतं. त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर एक शिपाई होता. त्याला हाच आजार असल्याचं कुठूनसं फुटलं. त्याला कुणी हाकललं नाही, कुणी वाईट बोललंही नाही. त्याने आणलेलं पाणी फक्त टेबलावर तसंच राहू लागलं. शेवटच्या दिवशी मामांनीच त्याला खाली आणलं. लिफ्टमध्ये ते दोघंच होते. बाकीचे पुढच्या फेरीसाठी थांबले होते. थांबलेल्यांत टायपिस्ट बाईही होत्या. रिकाम्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून मामांना रोज तो शिपाई आठवे, आणि आपण सांगितलं तर काय होईल ते स्वच्छ दिसे. नाही सांगितलं तर नोकरी जाईल, आणि सांगितलं तर माणसं जातील.

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी जिन्यावर काहीतरी धपकन वाजलं. मामा धावत वर गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, वळणावरच्या पायरीवर, टायपिस्ट बाई बसल्या होत्या. पडल्या नव्हत्या, त्यांची पिशवी पडली होती. बाईंचे गुडघे मुळातच दुखरे, त्यात रोजचे चार मजले. त्या गुडघा धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"लिफ्ट आणतो," मामा म्हणाले.

"नको."

"अहो बाई, दोर ठीक आहे. माझ्या गळ्याची शपथ."

"तुम्ही तेच म्हणणार. मामा, मला काही तुमचा राग नाही. पण मला मुलगी आहे हो एक."

मामा बाईंच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांना बाईंचा राग आला होता, खरोखरच आला होता. या एका बाईच्या जिभेने अख्खी इमारत पायांवर आणली आणि शेवटी स्वतःचेच गुडघे मोडले. पण त्या रडत होत्या. आणि त्या आपल्या एका शब्दामुळे रडतायत, हे मामांना सहन होईना. त्यांनी खिशातून लवंग काढली, तोंडात टाकली आणि समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं.

"मला एचआयव्ही आहे, बाई. बऱ्याच वर्षांपासून. गोळ्या चालू आहेत, त्यामुळे बरा आहे. कुणाला माझ्यापासून काही होत नाही. पण त्याने हृदयाला धोका असतो, म्हणून डॉक्टरबाईंनी हालचाल करायला सांगितली. म्हणून जिना. दोराचा काही संबंध नाही."

बोलून झाल्यावर ते नकळत एक पायरी खाली सरकले. बाईंना सरकायची वेळ येऊ नये म्हणून.

बाई खूप वेळ गप्प होत्या. बाईंना एवढं गप्प कुणी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे दोर ठीक आहे?"

"ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी श्वास सोडला. आणि मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "त्या शिपायाच्या वेळी मी थांबले होते. तुमच्या लिफ्टमध्ये चढले नव्हते. आठवतं तुम्हाला?"

"आठवतं."

"मला वाटलंच." त्या कठड्याला धरून उठायला गेल्या आणि कळ येऊन पुन्हा खाली बसल्या. मामा उठले होते, पण हात मागे बांधून उभे होते. "आता बघत काय राहिलात? हात द्या की मामा. मला उठवत नाहीये."

मामांनी हात पुढे केला. बाईंनी तो मनगटापासून घट्ट धरला, दुसरा हात त्यांच्या खांद्यावर टाकला, आणि आपला सगळा भार त्यांच्यावर देऊन उठल्या. मामी सोडल्या तर इतक्या वर्षांत, खरं ठाऊक असून, त्यांना असं कुणी धरलं नव्हतं. मामांनी लवंग चावली आणि बाईंना पायरी-पायरीने दुसऱ्या मजल्यावर उतरवलं. मग लिफ्ट वर आणली, दोन्ही जाळ्या ओढल्या आणि बाईंना चौथ्यावर सोडलं. बाई सबंध वेळ डोळे मिटून उभ्या होत्या. ते दोराच्या भीतीने, असं मामांनी गृहीत धरलं.

त्या दिवशी मामा वाट बघत बसले. बाईंच्या पोटात काही राहत नाही, हे त्यांना बोलायच्या आधीच ठाऊक होतं. दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल, उद्यापासून काय ते कळेल. घरी जाऊन त्यांनी मामींना सांगितलं. मामी म्हणाल्या, "बरं केलंत," आणि जेवताना स्वतःच्या वाटीतलं दही त्यांच्या वाटीत ओतलं. मामा फारसे जेवले नाहीत.

सकाळी लिफ्टपाशी गर्दी होती. विमावाले, हिशेबनीस, सगळे. मामांनी जाळी ओढली आणि कोण मागे सरतं ते बघू लागले. कुणी सरलं नाही. उलट सगळे एकदमच आत घुसले, आणि वकीलसाहेबांनी आत शिरता शिरता मामांच्या पोटावर चक्क एक टिचकी मारली.

"काय मामा! आधी सांगायचं की हो! आम्हाला कशाला उगाच पळवलंत?"

मामांच्या हातातली मूठ सुटली. "काय सांगायचं?"

"बायको पोटावरून बोलली ते! त्यात लाजायचं काय? आमची रोज बोलते."

"आणि हृदयाचं म्हणे निमित्त!" हिशेबनीस मागून म्हणाले, आणि सगळी लिफ्ट हसली.

टायपिस्ट बाईंनी सगळ्या मजल्यांवर स्वतः फिरून, दुखऱ्या गुडघ्यांनी, बातमी दिली होती. मामींनी मामांना ढेरपोट्या म्हटलं, ते मामांना लागलं, म्हणून ते गुपचूप जिना चढत होते. दोराचा काही संबंध नाही. बाईंची बातमी, तेव्हा ती खरीच असणार. आयुष्यभर कमावलेली सगळी पत बाईंनी एका थापेवर लावली होती.

मामींना हे कळलं तेव्हा त्या चिडल्या. आपण असं कधीही म्हटलेलं नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मग मामांच्या पोटाकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या की म्हणायला हरकत नव्हती.

लिफ्टला कुलूप लागलं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंना मामांचे आकडे बरेच आवडले. वकीलसाहेबांची विजार त्या जिन्याच्या दिवसांपासून सैल झाली होती, पण त्याचं श्रेय त्यांनी उन्हाळ्याला दिलं.

मामा अजूनही जेवणाच्या सुट्टीत स्टूल दाराला टेकवतात आणि जिना चढतात. आता सहाव्यापर्यंत जातात, मध्ये चौथ्यावर दम खातात. तिथे टायपिस्ट बाई हात धुवायला बाहेर येतात आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "काय मामा, पोट काही हलत नाही वाटतं अजून!" आत हशा पिकतो. तो विरेपर्यंत बाई कठड्याजवळ येतात आणि हळूच विचारतात, "गोळी घेतली?"

"घेतली," मामा म्हणतात, आणि पुढचा जिना चढू लागतात.